चिरलेला कर्णा

मी एक जुना लाकडी कर्णा आहे. वाजवायचा नव्हे, मित्रांनो, ऐकायचा. माझे रुंद तोंड गरोदर बाईच्या पोटाला लावतात, दुसऱ्या टोकाला डॉक्टर कान टेकतात आणि बाळाच्या काळजाचे ठोके ऐकतात. मला कुणी अडगळ म्हटलेले चालत नाही. आधीच सांगून ठेवतो.

मसाका शहराजवळच्या एका सुताराने मला मवुले नावाच्या झाडाच्या टणक लाकडातून कातले. डॉक्टर किझितो मला सायकलवरून केळीच्या बागांमधून घरोघर नेत. परतल्यावर त्यांची बायको मला तूप चोळायची. "याला कोरडं पडू देऊ नका," म्हणायची. ती गेली आणि तूप थांबले. माझ्या कडेला चीर पडली. चीर पडली, कान गेला नाही.

पुढे सरकारी दवाखान्यात बॅटरीचे यंत्र आले. त्यातला ठोका साऱ्या खोलीला ऐकू येई. बायका तिकडे जाऊ लागल्या. मी पिशवीच्या तळाशी गेलो.

गावातल्या नमुकासा नावाच्या बाईचे दिवस भरत आले होते. यंत्राने तिला एकच बाळ सांगितले होते. डॉक्टरांनी मला तिच्या बेंबीखाली टेकवले. ठोके. मग वर, उजवीकडे. तिथेही ठोके, पण जास्त घाईचे. मधल्या जागी सगळे शांत. डॉक्टर बोलून गेले, "सावकाश ऊठ, नालोंगो."

झाले! नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. आमच्या गावात हा मान जुळी हातात आल्यावरच द्यायचा असतो.

डॉक्टरांना गाव जाजा, म्हणजे आजोबा, म्हणे. नमुकासाची सासू कडाडली, "जाजा, तोंड आवरा! पोटातल्यांची दृष्ट काढायची का मी आता? आणि यंत्र तर एकच म्हणालं!"

"एक ठोका मिळाला की ते थांबतं, बाई. मी पुढे शोधला."

"तुमचं लाकूड चिरलंय. एकच ठोका दोनदा ऐकवतंय!"

अंगणातल्या बाया खोखो हसल्या. मी पिशवीत धुमसत राहिलो.

नमुकासा घरीच बाळंत झाली. मुलगा झाला. मदतीला आलेली सरकारी दवाखान्यातली नर्स वार पडण्याची सुई भरू लागली.

"थांब!" डॉक्टर म्हणाले. "आत दुसरं आहे. आत्ता सुई दिलीस तर गर्भाची पिशवी आवळेल, ते गुदमरेल."

"दुसरं कुठंय, जाजा? तुमच्या लाकडात?"

डॉक्टरांनी मला पोटावर टेकवले, जागा शोधली आणि सासूचा खांदा धरून तिला वाकवले. "तुम्हीच ऐका."

तिने नाक मुरडत कान लावला. मी जीव तोडून तो इवलासा, धावता ठोका तिच्यापर्यंत पोहोचवला. तिचे नाक सरळ झाले.

"सुई खाली ठेव, पोरी!" ती नर्सवर ओरडली. "ठेव म्हणते ना!"

थोड्या वेळाने मुलगी झाली. आधी गप्प, मग खणखणीत रडली. सासूने दारात जाऊन साऱ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक दिली, "नालोंगो! माझी सून नालोंगो झाली!"

आज डॉक्टर नाहीत. मी दवाखान्याच्या काचेच्या कपाटात आहे. समोर पाटी आहे: 'पूर्वी वापरली जाणारी वस्तू.'

पूर्वी? मित्रांनो, कपाट उघडा. थोडे तूप चोळा, आणि कान टेका. आत कुणी असेल तर मी सांगेन. नसेल तर खोटे बोलणार नाही.