दोन वाजता थांबणारा पाळणा

मित्रांनो, भोपाळमध्ये आनंद नगर ओलांडून रायसेन रस्त्याने थोडे पुढे आलात की डाव्या हाताला एक बाग लागते. पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी रेल्वे, भुताचे घर, सगळे तिथे आहे. त्या सगळ्यांच्या डोक्यावरून जो उंच, जांभळ्या-गुलाबी रंगाचा आकाशपाळणा दिसतो, तो मी. इथे मला ‘बडा झूला’ म्हणतात. माझ्या रंगावर जाऊ नका. रंग नवा आहे, मी चांगला बावीस वर्षांचा जुना आहे. आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी फार चिडलेलो आहे.

माझा जन्म एका लोखंडी कामाच्या कारखान्यात झाला. तिथे माझे नुसते तुकडे होते. चोवीस आरे, चोवीस डबे, दोन खांब आणि मधला जाडजूड दांडा. ते सगळे तीन ट्रकांत भरून इथे आणले. मला उभे करायला शांताराम फिटर आले. ते मूळचे साताऱ्याकडचे. बरखेड्याच्या वसाहतीत राहून, मोठ्या सरकारी कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली होती आणि निवृत्त झाल्यावर घरी बसायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. त्यांनी माझा एकेक नट आपल्या हाताने आवळला. आवळून झाला की बारीक ब्रशने त्यावर एक पिवळी रेघ ओढली. रेघ नटावरून निघायची आणि शेजारच्या लोखंडावर संपायची, अगदी सरळ. नट जराही सैल होऊन फिरला की ती रेघ तुटायची. नटावरचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा दुसरीकडे. मग पाना लावायच्या आधीच, नुसत्या नजरेने दुखणे कळायचे. माझ्या अंगावर अशा दोनशे अठ्ठ्याऐंशी रेघा होत्या.

पुढे शांतारामांचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी मंजूषा आली. तिने आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेतले होते, पण खरे शिक्षण वडिलांच्या मागे मागे फिरून झाले होते. केसांना घट्ट रुमाल, कमरेला पट्टा, खिशात पिवळ्या रंगाची छोटी डबी. अकरा वर्षे ती माझ्या अंगाखांद्यावर चढत आली. मला तिच्या तळहाताची सवय झाली आहे.

ती मला सकाळी बघायचीच. पण तिची खरी तपासणी दुपारी दोनची. ऐन गर्दीत ती मला थांबवायची, एकेक डबा रिकामा करायची, ‘मरम्मत कार्य जारी है’ ही पाटी लटकवायची आणि शिडी लावून वर चढायची. खांबाच्या टोकाला, जिथे माझा दांडा फिरतो, तिथे तळहात ठेवून ऊब बघायची. मग खाली उतरून मला एकेक आरा पुढे सरकवायची. एक आरा, बारा रेघा, एक नजर. सोळा मिनिटांत सगळे आटपायचे.

तुम्ही विचाराल, दोन वाजताच का? लोक आत येण्याआधी का नाही? हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. अहो, सकाळी मी गार असतो, रिकामा असतो. झोपून उठलेला कोणीही धडधाकटच दिसतो. तीन तास माणसे घेऊन फिरलो, वरून भोपाळचे ऊन खाल्ले, की मग कुठे काय सैल होते आहे आणि कुठे काय तापते आहे ते बाहेर येते. ते बघायचे तर तेव्हाच बघायला हवे.

पण रांगेतले लोक! “अरे दीदी, टिकट लेने के बाद बंद कर दिया?” “सुबह क्यों नहीं करते ये सब?” “मम्मी, झूला टूट गया क्या?” घरी आई डाळ शिजली का बघायला झाकण काढते, तेव्हा डाळ बिघडली म्हणून कोणी ओरडत नाही. मला कोणी पान्याने हात लावला की मात्र मी मोडलो! बावीस वर्षे लोक माझ्यात बसले, वरून तलाव बघितला, फोटो काढले, माझे कौतुकही केले. त्या सोळा मिनिटांचे कौतुक कोणी केल्याचे मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका गृहस्थांनी मंजूषा शिडीवर असताना मोबाइलवर चित्रण केले आणि खाली लिहिले, ‘खराब झूले पर बच्चों को बिठा रहे हैं.’ दोन दिवस ते सगळ्या शहरात फिरले. तिसऱ्या दिवशी आमचे नवे व्यवस्थापक निनाद सर माझ्यापाशी आले. ते इंदूरचे. माणूस वाईट नाही. बागेत कागदाचा कपटाही पडलेला त्यांना खपत नाही.

“मंजूषाताई, पब्लिक इथे खुश व्हायला येते,” ते म्हणाले. “शिडी, पाना, ग्रीसचे हात, हे समोर दिसलं की त्यांचा मूड ऑफ होतो ना.”

“सर, सोळा मिनिटं लागतात. आणि गार असताना जे दिसत नाही, तेच मला बघायचं असतं.”

“मग सोमवारी बघा, बाग बंद असते तेव्हा. पण पब्लिकला काहीच दिसलं नाही पाहिजे.”

मंजूषाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा पाटी लटकवली. असे पंधरा दिवस चालले. मग शांतारामांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन निघाले आणि ती चार दिवस रजेवर गेली.

त्या चार दिवसांत मला रंग दिला. सहलींचे दिवस जवळ आले होते आणि निनाद सरांना मी नवाकोरा दिसायला हवा होतो. खरे सांगतो, मित्रांनो, मला तेव्हा फार आनंद झाला. त्या पिवळ्या रेघांची मला मनातून लाजच वाटायची. पाटीवर मुलाने वाकडेतिकडे गिरवून ठेवावे तसे माझे अंग दिसायचे. रंगारी ब्रश फिरवत होते, एकेक रेघ जांभळ्याखाली जात होती आणि मी मूर्खासारखा उन्हात चमकत होतो. रंगाऱ्यांचा काही दोष नाही. त्या रेघा कशासाठी आहेत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मला माहीत होते आणि तरी मी फुशारलो, याची मला आजही चीड येते.

शुक्रवारी दुपारी उशिरा मंजूषा परत आली. माझ्यासमोर आली आणि थबकली. हातातली पिशवी खाली ठेवून तिने पहिल्या आऱ्याच्या नटावरून बोट फिरवले. तेवढ्यात निनाद सर आले.

“सर, माझ्या रेघा कुठे गेल्या?”

“त्याच तर झाकल्या!” ते हसत म्हणाले. “किती छान दिसून राहिला बघा. एकदम नवा.”

“आता कुठला नट फिरलाय ते मला कसं कळणार? प्रत्येकाला पाना लावून बघावं लागेल, घट्ट करावा लागेल, मग नवी रेघ. दोनशे अठ्ठ्याऐंशी आहेत. दोन दिवस बंद ठेवा याला.”

“दोन दिवस? उद्या शाळेच्या चार बसेस येऊन राहिल्या आहेत. बडा झूला बंद, असं सांगू त्यांना?”

“हो, सांगा.”

“ताई, चार दिवस तुम्ही नव्हत्या. काही झालं का? नाही ना? सकाळी अकराच्या आधी जेवढं होईल तेवढं करून घ्या.”

शनिवारी सहा वाजता, थंडीत, मंजूषा कामाला लागली. पाना लावायचा, जोर द्यायचा, रंग खरवडायचा, रेघ ओढायची. एका नटाला दोन-अडीच मिनिटे. अकरा वाजेपर्यंत तिचे अकरा आरे झाले. सगळे घट्ट निघाले. फाटक उघडले आणि निळ्या गणवेशातली मुले धावत आली.

मी फिरू लागलो. पहिल्या तासातच मला चौदाव्या आऱ्याच्या डब्याजवळच्या टोकाशी कुरकुर जाणवली. आधी अगदी बारीक. मग प्रत्येक फेरीला, डबा वरून खाली येताना, एक हलका हिसका. चौदाव्या डब्यात शमिका नावाची मुलगी तीन मैत्रिणींबरोबर बसली होती. प्रत्येक हिसक्याला त्या चौघी आनंदाने किंचाळत होत्या. मला ओरडावेसे वाटत होते. पण मला तोंड नाही. मला फक्त फिरता येते, आणि तेही दुसऱ्याने बटण दाबले तरच. इतका हताश मी कधी झालो नव्हतो.

मंजूषा खाली कठड्याला धरून उभी होती. तिला ती कुरकुर ऐकू येणे शक्यच नव्हते, चार बसगाड्यांची मुले आणि वर लाउडस्पीकर. ती फक्त घड्याळ बघत होती. दोन वाजले. तिने कोणालाही न विचारता मला थांबवले, एकेक डबा रिकामा केला, पाटी लटकवली, शिडी लावली आणि बाराव्या आऱ्याला पाना लावला.

एकच गलका झाला. शमिका तर रडूच लागली, “हमारा एक ही राउंड हुआ!” त्यांच्या शिक्षिका मालती मॅडम पुढे आल्या.

“देखिए, हमारा पूरे दिन का प्रोग्राम बना हुआ है. ये काम आप संडे को नहीं कर सकतीं?”

“संडे को भी बच्चे आएँगे, मॅडम,” मंजूषा मान वर न करता म्हणाली.

बारावा आरा झाला. तेरावा झाला. पाऊण तास उलटला. लोकांनी मोबाइल वर धरले, कोणी शिट्ट्या मारल्या. निनाद सर धावत आले तेव्हा ती चौदाव्या आऱ्याच्या खाली आलेल्या टोकाशी होती. तिने पाना लावला आणि तिचा हात एकदम पुढे गेला. जोर द्यावाच लागला नाही. तिने पाना काढला आणि तो नट दोन बोटांनी फिरवला. फिरला.

“सर, इकडे या. हात लावून बघा.”

निनाद सरांनी हात लावला. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटले, आता तरी! मग त्यांनी मागे वळून बघितले. मागे सगळी गर्दी मोबाइल धरून उभी होती.

“पण पडला तर नाही ना!” ते हळू आवाजात म्हणाले.

“नाही पडला, सर. म्हणून तर आत्ता सापडला.” तिने तो नट आवळला आणि त्या आऱ्याचे उरलेलेही आवळून टाकले.

“झाला ना घट्ट? बस. सुरू करा. आणि ती शिडी आधी हटवा इथून.”

“अजून दहा आरे राहिलेत.”

“सोमवारी बघू.”

मंजूषाने बटण दाबायला साफ नकार दिला. मग निनाद सरांनी दुसऱ्याला बोलावून ते दाबायला लावले. तिने रोजच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिले, ‘आरे १५ ते २४ तपासलेले नाहीत,’ खाली सही केली आणि तिथेच उभी राहिली. संध्याकाळी सात वाजेपर्यंत मी फिरलो. काही झाले नाही. आणि काही झाले नाही म्हणूनच ती खोटी ठरली. चौदाव्या आऱ्याचा तो नट मात्र कोणाच्या हिशेबातच नव्हता.

सोमवारी तिला माझ्याकडे येऊ दिले नाही. तिची बदली पाण्याच्या घसरगुंड्यांपाशी केली. तिथे ती लोकांना कपडे ठेवायच्या कपाटांच्या किल्ल्या देते. माझी देखभाल बाहेरच्या एका एजन्सीला दिली आहे. त्यांची दोन माणसे महिन्यातून एकदा, बाग बंद असताना येतात. पहिल्यांदा आली तेव्हा माझ्याभोवती एक चक्कर मारली, फोटो काढले. “ये तो एकदम नया है,” एक जण म्हणाला. वहीचे मागचे पान त्यांनी उलटलेही नाही. खाली सही ठोकून ते चहाला गेले.

मंजूषाने वरच्या कार्यालयात अर्ज दिला आहे. तो पोचला, एवढेच तिला कळवण्यात आले. रोज दोन वाजता तिची जेवणाची सुट्टी असते. ती डबा न उघडताच माझ्या कठड्याशी येते आणि मान वर करून बघत राहते. पंधराव्यापासून पुढे नुसता जांभळा रंग. खालून त्यातले काय कळणार? मग बटणावरचा माणूस म्हणतो, “दीदी, सर देख लेंगे. आप खाना खा लो.” आणि ती परत जाते.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. कुठल्याही बागेत कोणी शिडीवर चढलेले दिसले तर नाक मुरडू नका. रांगेत सोळा मिनिटे उभे राहा, हवे तर दाणे खा. तुमच्यासाठीच कोणीतरी हात काळे करते आहे. मोठ्यांनी कटकट केली तर त्यांनाही हे सांगा.

आणि माझ्याकडे याल तेव्हा आणखी एक करा. येत्या शनिवारी पुन्हा दोन शाळांच्या सहली आहेत. त्यात तुम्ही असाल तर बटणावरच्या माणसाला मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे विचारा, “पंधरा ते चोवीस तपासले का?” तो हसेल, लहान मुलांना काय कळते म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा. मी बावीस वर्षे मुलांची वाट बघत आलो आहे, पण या वेळी उत्तर मिळेपर्यंत माझ्यात बसू नका.