फळ्यावरून पुसलेली जुळी

मी एक जुना पांढरा फळा आहे. पांढरा म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. आता माझा रंग न धुतलेल्या उशीच्या अभ्र्यासारखा झालाय. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर गुळगुळीत थर भाजून बसवला, कडेला पट्ट्या ठोकल्या आणि मला इंजिनिअरिंग कॉलेजात, प्रोजेक्टच्या खोलीत टांगलं. समोर लांब टेबल, खाली वायरींचं जंजाळ आणि एक खिडकी, जी कधीच उघडत नाही.

त्या खोलीत मुलं सॉफ्टवेअर बनवायला शिकत. लोकांना काय हवंय ते आधी समजून घ्यायचं, मग माझ्यावर आराखडा काढायचा, मग कोड लिहायचा, असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात काय चाले ते मी सांगतो. मला कुणाची भीती नाही. एकदा भिंतीला टांगून झालेल्याला आणखी कुठे टांगणार? मुलं आधी कोड लिहून मोकळी होत. तपासणीच्या तोंडावर त्या कोडला शोभेल असा आराखडा माझ्यावर काढत, फोटो घेत आणि मार्क मिळवत. घर बांधून झाल्यावर नकाशा काढायचा, असला हा प्रकार. आणि बघणारेही मान डोलवत.

एकदा तिघांची टीम आली. कोड भराभर लिहिणारा तो कॅप्टन. सगळ्यांना 'हो' म्हणणारा तो गुळ्या. आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण'ने करणारी ती पणबाई. पणबाईचा हा विषय आधी एकदा राहिला होता. नोकरी ठरली होती. अट एकच, या वेळी विषय सुटला पाहिजे.

त्यांना लसीकरणाच्या दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर करायचं होतं. कुठल्या बाळाला लस दिली, कुणाची बाकी आहे, ते त्यात दिसायला हवं. कॅप्टननं ठरवून टाकलं, आईचा मोबाइल नंबर आणि जन्मतारीख यावरून बाळ ओळखायचं.

"पण जुळी असली तर?" पणबाई म्हणाली. "नंबर एक, तारीख एक. नावं तर अजून ठेवलेलीच नसतात. सिस्टर दोघांपुढेही नुसतं 'बाळ' लिहितात."

"तू जुळी बघितलीस कुठे?"

"दवाखान्यात. माहिती घ्यायला गेले, तेव्हा बाकावर बसले होते ना मी. एक रडत होतं आणि दुसरं त्याच्याकडे बघत होतं."

"हो गं, बरोबर आहे तुझं," गुळ्या म्हणाला.

"एवढ्यासाठी सगळं बदलत बसायला वेळ नाही," कॅप्टन म्हणाला.

"हो रे, तेही बरोबर आहे."

पणबाईनं माझ्यावर एक चौकोन आईचा काढला, त्याखाली दोन बाळांचे दोन, आणि प्रत्येक बाळाला स्वतःचा वेगळा क्रमांक दिला. साधं, स्वच्छ काम. तिकडे कॅप्टन प्रोजेक्ट तपासणाऱ्या मॅडमकडे गेला. "ती कोड लिहीत नाही, मॅडम. नुसते चौकोन काढते. तिला आमच्यात धरू नका."

"तपासणीच्या दिवशी ठरवू," मॅडम म्हणाल्या.

तपासणीच्या आधी कॅप्टननं तळहातानं तिचे चौकोन खसाखसा पुसले आणि आपला आराखडा काढला. पणबाई आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती खुर्चीत बसली. मला तोंड असतं तर मी तिथेच बोललो असतो.

मॅडमची एक रीत होती. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर केलं, त्यानंच येऊन ते चालवायचं. मुलांनी हात मागे बांधून, तोंड बंद ठेवून उभं राहायचं. त्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या.

"आज सकाळी जुळी आली होती, तीच घालते," असं म्हणत त्यांनी पहिल्या बाळाची लस नोंदवली. मग दुसऱ्याची माहिती घातली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'लस दिली आहे'.

"कुणाला?" सिस्टरनी विचारलं. "याला तर अजून टोचलीच नाही. मी यावर विश्वास ठेवला असता तर हे पोर तसंच घरी गेलं असतं की."

कॅप्टनचे कान लाल झाले.

"हे कुणाच्या लक्षात आलं होतं?" मॅडमनी विचारलं.

बोलला तो गुळ्या. "हिच्या. या फळ्यावर काढलंही होतं हिनं. आम्ही पुसलं."

"तू पण हो म्हणाला होतास," कॅप्टन पुटपुटला.

"दोघांनाही म्हणालो होतो. तिथेच घोळ झाला."

मॅडमनी पणबाईच्या हातात मार्कर दिला. तिनं कॅप्टनचा सगळा आराखडा पुसला नाही. एका चौकोनावर बोट ठेवून त्याला विचारलं, "एवढा पुसू? बाकीचं तुझं चांगलंय."

"पूस," तो म्हणाला.

"ही टीममध्ये राहील," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं हिच्या आराखड्यावरून कोड परत लिहा."

पणबाईचा विषय सुटला.

आता खोलीत मोठा स्क्रीन आलाय आणि मी जिन्याखाली उभा आहे. माझ्या अंगावर चिकटपट्टीनं नोटिसा लावतात. कुणी न पुसल्या जाणाऱ्या शाईनं लिहून जातं. राग येतो, पण तो माझ्या म्हातारपणाचा नाही, न विचारता पुसणाऱ्या हातांचा येतो.

मित्रांनो, फळा मऊ, ओल्या फडक्यानं पुसावा, एवढं तुम्हाला कुणीही सांगेल. मी सांगतो ते वेगळं. पुसण्याआधी खोलीत विचारा, हे कुणी लिहिलंय, आणि का लिहिलंय. उत्तर यायला वेळ लागला तर थांबा. तुमच्या घाईची किंमत तुम्ही नाही भरत. ती भरतं दवाखान्याच्या बाकावरचं, अजून नावही न ठेवलेलं एखादं पोर.