उभ्या गाडीचा आकडा

सरांनी तिसऱ्या चार्जरचा नॉब डावीकडून उजवीकडे फिरवला, मग उजवीकडून डावीकडे, आणि रेडिओवर स्टेशन लागलं नाही की माणूस करतो तसा चेहरा केला.

"सर, तो अजून जोडलेला नाहीये," बॅटरीवाला म्हणाला. ॲसिडने त्याच्या शर्टाला इतकी भोकं पाडली होती, की दुकानाला वेगळी पाटी लावायची गरज नव्हती.

"माहीत आहे मला. हाताला कसा लागतो ते बघतोय."

"लग्नाच्या वेळी एवढं बघितलं नव्हतं," मागून काकू म्हणाल्या. दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर त्या बसल्या होत्या. एक वाक्य झालं की पुढच्या वाक्यासाठी त्यांना श्वास गोळा करावा लागे, पण टोमण्यासाठी पुरेल इतका त्या कायम राखून ठेवत.

सरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. सगळी वाळवंटं आणि पर्वतरांगा त्यांनी छडीच्या टोकाने पार केल्या होत्या. स्वतः मात्र ते घर आणि शाळा यांच्या मधल्या रस्त्यावरच सापडत. काकू घरी शिवणकाम करत. निवृत्तीनंतर दोघांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि तिच्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी बसवून घेतली. काकूंनी पडदे शिवले. दिवे-पंख्यासाठी एक मोठी बॅटरी आली. नाव पडलं घरगाडी. ती निघायच्या बेतात आली आणि काकूंचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, "सध्या लांबचा प्रवास नको." त्या वाक्यातलं 'सध्या' सर घरी घेऊन आले आणि 'नको' काकूंनी आणलं.

दरम्यान अंगणात उभ्या उभ्या जुन्या चार्जरने बॅटरी उकळून मारली. नवी बॅटरी घेऊन झाली होती. आता चार्जर निवडायचा होता.

"हा पहिला," बॅटरीवाल्याने बोट ठेवलं, "एकाच व्होल्टेजवर चालतो. समोर काही होवो, हा बदलत नाही."

"असलं एक आहे आमच्याकडे," काकू म्हणाल्या. "पेन्शन घेतंय."

"दुसरा ऑटोमॅटिक. काय करायचं ते स्वतःच ठरवतो, तुम्हाला विचारत नाही."

"तेही आहे," सर म्हणाले आणि मागे वळून न बघता त्यांनी खुर्चीच्या दिशेने अंगठा दाखवला.

"मग हा तिसरा. नॉब तुमच्या हातात. गाडी फिरतीवर असेल, बॅटरी रोज भरायची असेल, तर चौदा पॉइंट चार व्होल्ट. गाडी नुसती उभी राहणार असेल तर तेरा पॉइंट दोन. उभ्या गाडीला चौदा पॉइंट चार देत राहिलात, तर आतलं पाणी उडून जातं. तुमची आधीची बॅटरी तशीच गेली. माझं ऐकाल तर ऑटोमॅटिक घ्या. डोक्याला ताप नाही."

"पोरांना सांगत आलो, स्वतः ठरवायला शिका. आता या वयात डब्याला ठरवू देऊ? नॉबवाला द्या."

"आणि समजा," काकू म्हणाल्या आणि थांबल्या. दोघेही त्या श्वासासाठी थांबले. "समजा वर्षभर उभीच राहिली, तर नंतर उपयोगी पडेल ही बॅटरी?"

"तेरा पॉइंट दोनवर ठेवा काकू, अधूनमधून पाणी बघा. न पडायला काय झालं?"

"तेरा पॉइंट दोन," काकूंनी पुन्हा म्हटलं. कापडाला कात्री लावण्याआधी त्या माप असंच दोनदा म्हणत.

"वर्षभर कशाला उभी राहील?" सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात निघतोय आम्ही."

बॅटरीवाल्याने काकूंच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. मग तो खोकं शोधायला आत गेला. खोकं समोरच होतं.

चार्जर घरगाडीच्या दाराशी, आतल्या फळीवर बसला. सरांनी नॉब चौदा पॉइंट चारवर लावला आणि नकाशा भिंतीवर टांगून झाल्यावर ते जसे दोन पावलं मागे सरत, तसे मागे सरले. संध्याकाळी पाहतात तर नॉब तेरा पॉइंट दोनवर. त्यांनी तो वर नेला. दुसऱ्या दिवशी दूध आणि औषधं घेऊन परत आले, तर पुन्हा खाली.

आधी त्यांनी हादऱ्यांना दोष दिला. गाडी जागची हलत नसल्यामुळे तो टिकला नाही. मग उंदराला दिला. पण रोज नेमका त्याच आकड्यावर थांबणारा उंदीर त्यांच्या शाळेतही नव्हता. उरला कारखाना. कारखान्यावर त्यांचा आधीपासूनच राग होता.

याच सुमारास आणखी एक गोष्ट त्यांना खटकली होती. स्वयंपाकघरातलं स्टूल सारखं अंगणात, घराच्या दारापासून घरगाडीपर्यंतच्या वाटेत मध्येच सापडायचं.

"हे इथे कशाला?"

"ऊन खायला बसले होते जरा."

सरांनी स्टूल आत नेऊन ठेवलं. ते सापडलं होतं सावलीत. दिवसभर तिथे सावलीच असते. भूगोल शिकवलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं.

शेवटी त्यांनी चार्जर सोडवला, टॉवेलात गुंडाळला आणि दुकानाच्या काउंटरवर आणून आदळला.

"तुम्ही मला फसवून ऑटोमॅटिक दिलाय."

"नॉब आहे की सर त्याला!"

"आहे, शोभेला. मी वर नेतो, हा खाली येतो. आपोआप."

बॅटरीवाल्याने चार्जर जोडला, नॉब वर नेला, मीटर लावला. टेबलावर मूठ आपटली. चार्जर उचलून हलवला. इतर गिऱ्हाइकं केली, आणि बऱ्याच वेळाने येऊन पाहिलं. काटा चौदा पॉइंट चारवर होता.

"हा काही जागचा हलत नाही, सर. घरी कोणी हात लावतं का?"

"घरी आम्ही दोघंच. आणि ती तर..."

ती तर पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जाताना एकदा बसते, असं सर सांगणार होते.

बॅटरीवाल्याने फडकं घेतलं. दुरुस्ती असो वा नसो, वस्तू पुसून परत द्यायची, ही त्याची पद्धत होती. "ही निळी रेघ तुमची का? तेरा पॉइंट दोनवर बरोबर आखलीये. खडूची दिसतेय."

सरांचा हात पुढे झाला. पण फडकं फिरून गेलं होतं.

कापडावर खुणा करायच्या खडूची ती बारीक निळी रेघ सरांनी संसारभर पाहिली होती. पडद्यांवर, काकूंच्या बोटांवर, आणि एकदा शाळेच्या तपासणीच्या दिवशी स्वतःच्या कॉलरवर, तीही साहेबांनी दाखवल्यावर. ते नॉबकडे बघत राहिले. दाराची पायरी. मग स्टूल. मग घरगाडीची पायरी, जी उंच होती. आणि तेवढंच परत.

"बदलून देऊ का?" बॅटरीवाल्याने हळूच विचारलं. "ऑटोमॅटिक देतो."

"नको," सर म्हणाले. "हा बरोबर चालतोय."

घरी येऊन त्यांनी चार्जर फळीवर बसवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू बघत होत्या.

"काय म्हणाला?"

"नॉब सैल होता. घट्ट करून दिला."

"मग आता कितीवर ठेवताय?"

सरांनी नॉब फिरवला. ते घरगाडीत पाठमोरे उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "तुझा तो निळा खडू कुठे असतो?"

काकूंनी खिडकीचा गज धरून श्वास गोळा केला.

"मशीनच्या डाव्या खणात," मग त्या म्हणाल्या. "आधी धार काढून घ्या त्याला. जाड रेघ मारलीत तर आकडा चुकतो."