एका हाताने उघडणारा चाकू

चोपड्याच्या बाजारात कस्तुराने घडीचे दोन चाकू हातात घेतले. एक सागाच्या मुठीचा, देखणा. दुसरा काळ्या प्लास्टिकचा.

"भाऊ, एका हातानी उघडस का हाऊ?" तिने देखणा चाकू पुढे केला.

"नाही अक्का, दोन्ही हात लागतात. भाजीच चिरायची ना? मग घाई कशाला?" दुकानदार हसला.

कस्तुरा हसली नाही. गेल्या महिन्यात बैल बुजला, तेव्हा कासरा तिच्या नवऱ्याच्या, धनाच्या मनगटाला आवळला होता. बैलाने त्याला नाल्यातल्या दगडांवरून फरफटत नेलं. धावत जाऊन तिने एका हाताने वेसण धरली आणि कासरा दातांनी कुरतडला. दोन पदर तुटले, तेवढ्यात बैल पुन्हा उधळला. धना गेला तो तिथेच.

प्लास्टिकच्या चाकूचं पातं नुसत्या अंगठ्याने बाहेर आलं. तिने तोच घेतला.

घरी तिची मुलगी शीतल म्हणाली, "माय, तो बैल इकी टाक ना."

"मंग वखर कोन ओढी?"

सकाळी तिने तीच जोडी वखराला जुंपली. चाकू कमरेला खोचला होता. बैल अगदी गरिबासारखा चालत राहिला, आणि त्याचंच तिला रडू येत होतं.