नमुन्याचं पान

"काका, हे सगळं तुम्ही हातानं लिहिलं? एकेक पान?"

रचनाने असं विचारलं तेव्हा रत्नपाल मेश्रामला वाटलं, पोरगी कौतुक करते आहे. तो खुर्चीत ऐसपैस मागे रेलला. "हातानं म्हंजे हातानंच. कोनाची नकल नाही मारली. दोन हजार तीन साली तुमच्या नागपुरात बी अशी साइट नसन."

"तेच म्हणते मी काका. आता कोणी असं करत नाही."

रत्नपाल पुन्हा सरळ बसला.

अर्जुनी मोरगावच्या बाजाररस्त्यावर त्याचं टायपिंगचं दुकान होतं. टाइपरायटर जाऊन तिथे कॉम्प्युटर आले आणि पुस्तकं वाचून, चुकतमाकत त्याने बौद्ध वधू-वर मंडळाची वेबसाइट उभी केली. तिचे नियमही त्याचेच. मुलीचा किंवा मुलाचा बाप दुकानात यायचा, चहा घ्यायचा, माहिती सांगायचा आणि रत्नपाल त्या स्थळाचं पान करायचा. सोयरीक जुळली की त्याला फोन यायचा. मग तो त्या पानावर निळी पट्टी चढवायचा, 'जमले'. जमलेली पानं तो काढत नसे. जोडपी नंतर लेकरांना घेऊन यायची आणि आपलं पान दाखवायची. सारा तालुका त्याला साइटवाले भाऊ म्हणायचा आणि हे नाव त्याला बारशाच्या नावापेक्षा प्यारं होतं.

रचना मंडळाच्या अध्यक्षांची, ईश्वरदासजींची मुलगी. नागपुरात कॉम्प्युटरचंच शिकलेली; आज वडिलांना घेऊन दुकानात आली होती. तिचं म्हणणं साधं होतं. आता तयार सिस्टिम मिळते. लोक घरबसल्या फोनवरून माहिती भरतील, पानं आपोआप होतील, जुळलं की ज्याचा तो 'जमले' म्हणून टाकेल. दुकानात यायची गरज नाही.

"मंग माही बी गरज नाही," रत्नपाल म्हणाला.

"तसं नाही ना काका..."

"तसंच आहे रे बाबू," ईश्वरदासजी मध्ये बोलले. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, गोडगोड बोलणं त्यांना जमत नसे. "मागच्या साली टायफाइड तुले झाला अन् बोंब मंडळाची झाली. त्या देवरीच्या पोरीचं लगन जुळलं, तू दवाखान्यात पडून, पट्टी कोन लावन? तिच्या सासरी कळलं का पोरीसाठी अजून फोन येऊन राहिले. सोयरीक मोडता मोडता वाचली."

रत्नपाल खाली पाहू लागला. ती गोष्ट त्याला ताप उतरल्यावर कळली होती आणि तापापेक्षा जास्त लागली होती.

"पन साइट तुही आहे," ईश्वरदासजी उठता उठता म्हणाले. "तू नाही म्हनशीन तं नाही. उद्या सांग."

रचनाने जाताना नवी सिस्टिम त्याच्या कॉम्प्युटरवर चालू करून ठेवली. "एखादा नमुना भरून तर पाहा काका."

नमुना म्हटल्यावर रत्नपालला हसू आलं. त्याच्या साइटवरचं पहिलं पानही नमुन्याचंच होतं. पान कसं दिसतं ते पाहायला त्याने स्वतःचीच माहिती टाकली होती, उंची दोन इंच वाढवून. ते पान काढायचं राहून गेलं. नागपुरात ते केशोरीच्या नंदलालजींच्या पुतण्याने पाहिलं आणि आठवडाभरात नंदलालजी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन एस्टीतून उतरले. "आमच्या अल्कासाठी आलो," म्हणाले. तो नमुना होता हे सांगायचं धाडस रत्नपालला झालं नाही. मुलगी पाहिल्यावर तर सांगायची इच्छाच उरली नाही.

तीच अल्का आता दुपारचा डबा घेऊन दुकानात शिरली. रचना कशासाठी येणार ते तिला ठाऊक होतं; बाकीचं नवऱ्याचं तोंड पाहूनच कळलं.

"नाही म्हना मंग. कायले झुरून राहिले?"

"नाही म्हनलं तं माहा हेका होते. हो म्हनलं तं मी कोन उरतो?"

अल्काने डबा टेबलावर ठेवला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. "मी भरू का नमुना?"

ती खुर्चीवर बसली आणि एका बोटाने टाइप करू लागली. नाव, गाव, उंची. उंची खरी घातली आणि नवऱ्याकडे पाहून हसली. मग थांबली.

"अजी, हे अपेक्षा म्हून आहे. तुमच्या साइटवर पोरीच्या पानावर हे नाही."

"पोरांच्या पानावर आहे ना."

"पोरांच्या आहे, मले मालूम आहे. गोरी पाहिजे, शिकेल पाहिजे, घरकाम येनारी पाहिजे. पोरीच्या काऊन नाही?"

रत्नपालने खरोखर आठवून पाहिलं. कोणाचं वाईट करावं असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. "बाप यायचे," तो म्हणाला, "बाप सांगायचे. पोरीची अपेक्षा कोनी सांगतलीच नाही."

"तुमी विचारली?"

अल्का रागावलेली नव्हती. ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि सावकाश, एकेक अक्षर शोधत तिने लिहिलं, 'लग्नानंतर शिकू द्यावे. बी.ए.चे शेवटचे वर्ष राहिले आहे.'

रत्नपालने ते वाचलं. लग्न झालं त्याच साली त्याच्या आईचं, पार्वताबाईचं, कमरेचं हाड मोडलं होतं. पुढच्या वर्षी परीक्षा दे, असं ठरलं. पुढच्या वर्षी थोरला संघदीप पोटात होता. अल्काला शिकायला नाही असं घरात कोणीच म्हटलं नव्हतं. सगळे नुसतं पुढच्या वर्षी म्हणत राहिले, आणि सगळ्यांत जास्त वेळा तोच म्हणाला होता. त्याला बायकोची फार माया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"झालं पाहून," अल्का म्हणाली. "पुसून टाका आता. नमुनाच तं होता." तिने माऊसकडे हात नेला.

रत्नपालने माऊस आपल्याकडे ओढला आणि 'जतन करा' दाबलं.

"अजी! लोकं का म्हनतीन? दोन लेकरांची माय साइटवर!"

"जेवून घेतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच रचनाला फोन लावला. "घे सगळी पानं तिकडं. जमलेली बी घे, एक बी सोडू नोको. पट्टी निळीच ठेवजो."

"आणि तुमचं पहिलं पान काका? नमुन्याचं?"

"ते राहू दे इकडंच. ते खोटं आहे, उंची वाढवेल आहे."

"आणि काकूंनी काल भरलेला नमुना? तो मिटवू ना?"

"तो नोको मिटवू. त्याचं उत्तर द्याचं बाकी आहे."

फोन ठेवून त्याने दुकानाचं शटर ओढलं. भर बाजाराच्या दिवशी साइटवाले भाऊंचं दुकान बंद पाहून पानठेल्यावरच्या टेकचंदने हाक मारली, "काऊन जी, कुठं चालले?"

"कॉलेजात," रत्नपाल म्हणाला आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळत उन्हातून चालू लागला.