शेवटच्या कडव्यातलं नाव

महेंद्रच्या मनात काळंबेरं असेल अशी गयाबाईंना शंका नव्हती. त्यांची खात्रीच होती. पाच वर्षांपूर्वी उल्हासनगरहून चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगीत राहायला आला काय, मोरिवलीच्या विहाराचा सचिव झाला काय, आणि आता रविवारच्या वंदनेनंतर म्हणायची गाणी सुधारायला निघाला! जुन्या गाण्यांतून देव, नवस, आरती असले शब्द काढायचे आणि छापील पुस्तिका करायची, असं कमिटीत ठरलं होतं. त्याला गयाबाईंची ना नव्हती. देव त्यांच्या आईबापांनीच सोडले होते. पण महेंद्र स्वतःही गाणी लिहायचा, आणि पाणी मुरत होतं ते तिथंच.

त्यांना घोर होता एकाच कडव्याचा. नवरा कंपनीत कामाला आणि गळ्यानं शाहीर. वस्ती त्याला शाहीरच म्हणायची. त्यानं रचलेलं गाणं विहारात तीस वर्षं चाललं होतं, आणि शेवटच्या कडव्यात त्याचं नाव होतं: 'शंकर सांगे, मागं नका फिरू.' नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे वळण गयाबाईंच्या जिभेला सासूनं लावलेलं. तो जाऊन बारा वर्षं झाली तरी ते सुटलं नव्हतं. एरवी 'हे', नाहीतर 'आमचे शाहीर'. गाण्यात मात्र दर रविवारी त्या मोकळ्या गळ्यानं त्याचं नाव घ्यायच्या. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

महेंद्र गाण्यांची वही मागायला आला, तेव्हा त्यांनी ती हातची सोडली नाही.

"मोबाइलवर फोटो काढा नि जा."

"मावशी, शाहिरांचं नाव काय होतं? पुस्तिकेत टाकायचंय."

ही विचारपूस कशाला? गयाबाई सावध झाल्या. "शाहीर. सगळी वस्ती ओळखते."

पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही रविवारी. उत्तर तेच. शेजारच्या जनाबाईंना त्या म्हणाल्या, "बघ तू, हा आमचं गाणं गिळणार."

पुस्तिका वाटल्या गेल्या. गयाबाईंना वाचता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. शेवटच्या कडव्याला सगळा विहार म्हणाला, "सज्जन सांगे," आणि एकट्या गयाबाई म्हणाल्या, "शंकर सांगे." जनाबाईंनीसुद्धा पुस्तिकेत बघून सज्जनच म्हटलं. भरल्या विहारात गयाबाईंना एकटं पडल्यासारखं झालं, आणि मग संताप आला.

"माझ्या माणसाला पुसलंत!" त्या महेंद्रवर कडाडल्या.

"कुणाला?" महेंद्र गोंधळला. पुढं आली त्याची मुलगी पायल. सगळं टायपिंग तिचं होतं.

"आजी, ते मी बदललं. मला वाटलं, शिवमंदिरातला शंकर. आपण बावीस प्रतिज्ञा घेतो ना, मग विहारात शंकर कसा काय सांगेल? मात्रापण मोजल्या मी, एकदम फिट बसतात."

"अगं, ते आमच्या..." गयाबाईंची जीभ अडली.

महेंद्रनं पुस्तिका उघडून गाण्याखाली बोट ठेवलं. "मावशी, इथं 'कवी' लिहून जागा कोरी ठेवलीय. म्हणून तर तीनदा विचारलं. मी शाहिरांना कधी पाहिलं नाही, वस्तीत विचारलं तर सगळे 'शाहीर' एवढंच सांगतात, आणि तुम्ही नाव सांगितलंच नाहीत."

गयाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस त्या चोर शोधत होत्या, आणि नाव त्यांच्याच तोंडात कोंडलेलं होतं. चालीशिवाय ते त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं.

"शंकर," त्या म्हणाल्या. आवाज बेसूर निघाला. "शंकर. माझे मालक."

पायलनं पेननं सज्जन खोडून वर शंकर लिहिलं, खालच्या कोऱ्या जागेतही लिहिलं. गयाबाईंनी पुस्तिका हातात घेऊन दोन्ही जागच्या अक्षरांकडं निरखून पाहिलं. पण संशय असा एका सकाळीत जात नसतो.

"काय लिहिलंस? वाच."

"शंकर."

त्यांनी पुस्तिका महेंद्रपुढं धरली. "आता तुम्ही वाचा."

"शंकर."

मग त्यांनी ती जनाबाईंपुढं धरली.