परातीतलं लाल पाणी

तांब्या परातीला टणकन लागला आणि चऱ्होलीतल्या सोसायटीचा गच्च भरलेला, गप्प हॉल शहारला. महाराजांनी सात वर्षांच्या स्वरूपाच्या हळद माखलेल्या तळहातांवर तीर्थ ओतलं होतं. परातीत लालभडक पाणी.

"बघा, पितरांचं नासकं रक्त!" महाराज गरजले. "डीएनए धुतोय मी, डीएनए! डॉक्टर वरून भरतात, आपण मुळातून काढतो."

हात जोडले गेले. स्वरूपाची आई, माझी शेजारीण विजयश्री, डोळे पुसत म्हणाली, "ताई, आता रक्त चढवायला नेणार न्हाई तिला."

स्वरूपाला थॅलेसेमिया, अंगात रक्तच नीट बनत नाही. दर महिन्याला, जन्मभर, बाहेरचं रक्त मिळालं नाही तर ती जगायची नाही.

लेक होईपर्यंत मी प्रयोगशाळेत हेच शोधत होते: पिढ्यान् पिढ्या नात्यात लग्नं झाली की जनुकांत काय साठत जातं. आमच्या थेरगावला परतताना रिक्षात विजयश्रीला सांगितलं, "तुला आत्याच्याच घरी दिलेली. आजोबांकडचा एकच लपलेला दोष तुम्हा नवराबायकोत आला. तुम्हाला त्रास नाही. पण पोरीला दोन्हीकडून मिळाला. यात पाप नाही, पितर नाहीत."

"म्हंजे आमचंच रक्त नासकं. महाराज येगळं काय म्हनले?"

रिक्षातून उतरताच तिनं पोरीला आत नेलं, दार लावून घेतलं.

रक्ताची तारीख हुकली. स्वरूपा जिना चढताना मध्येच बसू लागली, ओठ पांढरेफटक. मी दार वाजवायची. विजयश्री उघडायची नाही.

एका दुपारी लेकीच्या फ्रॉकवरच्या वरणाच्या डागाला साबण घासला. पाण्यात हात घालून बसलेली लेक ओरडली, "आई, रक्त!"

हळदीचा डाग लाल झाला होता. दर धुण्याला होतो. मीच बघितला नव्हता.

साबणाची वडी आणि हळदीचा डबा घेऊन मी पळाले. "उघड विजू, नाहीतर दार मोडते!"

दार किलकिलं झालं. माझ्याच तळहातावर हळद, वर ओला साबण. लाल. "हे कुणाच्या पितरांचं गं? त्या तांब्यात चुन्याची निवळी असणार, तीही हळद अशीच लाल करते."

तिनं स्वतःच्या हातावर करून बघितलं. पुन्हा केलं. मग स्वरूपाला कडेवर घेतलं. "ताई, रिक्षा बोलवा."

बायांनो, हात जोडायच्या आधी घरी हळदीला साबण लावून बघा. आणि पत्रिकेआधी मुलामुलीचं रक्त तपासा.

वॉर्डात रक्त थेंबथेंब उतरत होतं. स्वरूपानं माझं बोट धरलं.

"मावशी, महाराजांचं तीर्थ खोटं होतं ना? मग मला बरं करायचं खरं तीर्थ कुणाकडं हाय?"